दोघं पाटावर, तिसरा खुर्चीवर

पेनं खाली ठेवा आणि इकडे बघा. चाळीस वह्या तपासल्या. एकोणतीस वह्यांत चूक एकाच ओळीत, एकाच जागी! चूक करायलासुद्धा शेजाऱ्याची वही लागते तुम्हाला?

वाक्य काय होतं? ‘शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टु कुक.’ आता मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणेल, “सर, ‘शी लाइक्स टु कुक’ बरोबर आहे की!” एकटं असेल तेव्हा बरोबर. इथं ते पंगतीत बसलंय. रीडिंग पाटावर, स्विमिंग पाटावर आणि हे महाशय खुर्चीवर! ‘कुकिंग’ लिहायला काय पैसे पडत होते? नाहीतर तिघांनाही ‘टु’ लावा, किंवा सुरुवातीला एकच ‘टु’ लावून तिघांत वाटून घ्या. पहिल्याला दिला, दुसऱ्याचा काढला, तिसऱ्याला परत दिला, असला कारभार माझ्या वर्गात चालणार नाही.

‘मला वाचायला, पोहायला आणि स्वयंपाक करणं आवडतं’ असं घरी म्हणून बघा, आजीसुद्धा हसेल. मराठीत तुमचा कान जागा असतो. इंग्रजीचा तास आला की तो झोपतो.

दुसरं रत्न: ‘ही नॉट ओन्ली सिंग्ज बट ऑल्सो ही इज अ डान्सर.’ अरे, ‘नॉट ओन्ली’नंतर नुसतं क्रियापद आलं, तर ‘बट ऑल्सो’नंतर अख्खं वाक्य कशाला? ‘बट ऑल्सो डान्सेस.’ संपलं.

आणि नियम अवघड आहे, हे रडगाणं नको. पाठ्यपुस्तक उघडल्या उघडल्या संविधानाची उद्देशिका छापलेली असते. तिथं न्याय कसला म्हटलाय? सोशल, इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल. तिन्ही विशेषणं, एका मापाची. ‘सोशल, इकॉनॉमिक अँड इन पॉलिटिक्स’ असं दिसलं कुठं? रोज ते पान उलटता, वाचत एकजणही नाही.

उद्या दहा वाक्यं. स्वतः रचलेली. ‘अँड’ आणि ‘ऑर’भोवती गोल करायचा आणि त्यांनी जोडलेले शब्द बेरजेच्या आकड्यांसारखे एकाखाली एक मांडायचे. रांग सोडून बसलेला शब्द लगेच डोळ्यांत खुपेल. दहापैकी चार चुकली तरी मी रागावणार नाही. फक्त चूक ज्याची त्याची पाहिजे.