रकान्यात न बसणारा जीव

जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे जीवसृष्टीचे चार भाग आपण पोथ्यांतून आणि कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. विभागणी सुटसुटीत आहे. परंतु ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातील आणि टास्मानियातील नद्यांत राहणारा प्लॅटिपस तिच्यात बसवू गेल्यास पंचाईत होते. अंडी घालतो म्हणून त्याला अंडज म्हणावे, तर अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांना मादी दूध पाजते! पाश्चात्त्य शास्त्रही नेमके इथेच अडले. ही अडचण मला प्राणिशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राची अधिक वाटते. समोरचे वास्तव आणि आपली चौकट यांचे जुळेनासे झाले, तर माघार कोणी घ्यावी?

न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी १७९८ मध्ये या प्राण्याचे कातडे इंग्लंडला धाडले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमचे जॉर्ज शॉ यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. चोच बदकाची, अंगावर दाट लव, शेपटी चपटी, पायांना पडदे. कोणी लबाडाने निरनिराळे प्राणी जोडून ही करामत केली असावी, अशी शंका शॉ यांना आली व ती त्यांनी लिहूनही ठेवली. या शंकेला मी दोष देत नाही. शंका घेऊन पुन्हा नीट पाहणे हा शास्त्राचा धर्मच आहे.

दोष पुढे घडला. १८२० नंतरच्या दशकात जर्मनीच्या मेकेल यांनी मादीच्या दुधाच्या ग्रंथी शोधल्या. फ्रान्सचे जोफ्रुआ म्हणाले, हा प्राणी अंडी घालणारा आहे, तेव्हा या ग्रंथी दुधाच्या असूच शकत नाहीत. इंग्लंडचे रिचर्ड ओवेन म्हणाले, ग्रंथी दुधाच्याच आहेत, तेव्हा अंडी पोटातच फुटत असली पाहिजेत. दोघांच्याही हाती अर्धे सत्य होते. दोन्ही गोष्टी एका जिवात नांदू शकत नाहीत, यावर मात्र दोघांचे एकमत होते! तिकडे त्या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मूळ रहिवासी, हा प्राणी अंडी घालतो असे सांगत होते. पण त्यांची साक्ष युरोपातील पंडितांनी पुरावा म्हणून धरली नाही.

अखेर १८८४ मध्ये विल्यम काल्डवेल यांनी क्वीन्सलँडमध्ये एक मादी मारली. तिने एक अंडे घातले होते, दुसरे गर्भाशयात होते. मॉन्ट्रियलला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेला तारेने वार्ता गेली आणि वाद मिटला. शोधात मदत करणारे तेच मूळ रहिवासी होते. शॉ यांच्या वर्णनापासून मध्ये पंच्याऐंशी वर्षे गेली आणि कितीतरी मुके जीव हकनाक मेले.

वाद मिटला तेव्हा 'सस्तन' हा वर्ग मोडून पडला नाही. दूध ही त्याची खूण कायम राहिली आणि पिलू जिवंतच जन्मले पाहिजे ही अट गळाली. रकाना ठेवावा, पण वास्तवापुढे तो दुरुस्त करण्याची तयारीही ठेवावी, एवढाच धडा मी यातून घेतो.

तरीही 'अर्धा पक्षी, अर्धा पशू' हे वर्णन या प्राण्याला चिकटून राहिलेच. वस्तुतः त्याची चोच पक्ष्याची नाहीच. ती मऊ, कातडीची असून तिच्यात विजेची सूक्ष्म स्पंदने टिपणारी सुमारे ४०,००० संवेदनाग्रे आहेत. पाण्यात डोळे, कान, नाकपुड्या मिटून तो केवळ या चोचीच्या बळावर भक्ष्य हुडकतो. मादीला स्तनाग्रे नाहीत. दूध कातडीतून झिरपते आणि पिले ते चाटतात. नराच्या मागच्या पायांना विषारी नख्या असतात. आपल्याकडे लिंग ठरवणारी गुणसूत्रे दोन, त्याच्याकडे दहा. २००८ मध्ये त्याचा जनुकीय आराखडा वाचला गेला, तेव्हा अंड्याच्या बलकाचे आणि दुधाचे जनुक एकत्रच सापडले. दोन अर्धुके जोडून हा प्राणी झालेला नाही. तो अख्खा प्लॅटिपस आहे.

आम्हा सीमाभागातल्या शिक्षकांना हे विशेष कळावे. शाळेच्या प्रवेश-अर्जात 'मातृभाषा' हा रकाना एकच असतो. नोंदीसाठी तो लागतोच. माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणाऱ्या पोराला मोठी माणसे 'धड ना इकडचा, धड ना तिकडचा' म्हणतात. ही माणसे दोन्हीकडची असतात. मुलाची एक भाषा खरी म्हणून दुसरी उसनी, असे मानायला आधार काय?

आपण कोणते नाव दिले, याचे प्लॅटिपसला सोयरसुतक नव्हते. विद्वान भांडत होते तेव्हाही तो रात्री नदीत उतरून किडे शोधतच होता. आपले मूल मात्र आपण त्याला काय म्हणतो, ते ऐकत असते.