वर्ज्य कुणासाठी?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एक प्रयोग करायला लावतो. पंधरा दिवस काही खायचं नाही; पाणी मात्र हवं तेवढं प्यायचं. त्यानंतर श्वेतकेतू वडिलांपुढे येतो, तेव्हा बारा वर्षं गुरुगृही राहून पाठ केलेलं काहीच त्याला आठवत नाही. उद्दालक त्यावर प्रवचन देत नाही. आधी जेवून ये, म्हणतो. मुलगा जेवतो आणि विचाराल ते सांगू लागतो. मन अन्नातून घडतं, हे वडिलांचं म्हणणं त्याला तेव्हा उमगतं.

या प्रयोगाचं बळ त्याच्या दोन्ही अर्धांत आहे. नुसत्या उपासावरून मुलगा थकला, एवढंच म्हणता आलं असतं. अन्न परत दिलं आणि स्मृती परतली, म्हणून निष्कर्ष उभा राहिला.

एखादा पदार्थ बाधतो की नाही हे ठरवण्याची आजची पद्धतही याच दोन अर्धांवर चालते. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे डॉक्टर अल्बर्ट रो यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ‘एलिमिनेशन डाएट’ (वर्जनाचा आहार) रूढ केलं. पुढे सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमधल्या ॲलर्जी विभागाने त्याला काटेकोर रूप दिलं. कृत्रिम रंग, पदार्थ टिकवणारी रसायनं आणि चव वाढवणारी ग्लुटामेटं साधारण दोन ते सहा आठवडे बंद करायची. त्यांच्या जोडीला अन्नात मुळातच असणारी सॅलिसिलेटं आणि अमाइनंही टाळायची. अंगावर उठणाऱ्या गांधी, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी शमल्या, तर एकेक घटक पुन्हा देऊन पाहायचा. तिथे काही वेळा हे घटक कॅप्सूलमधून दिले जातात. त्यांतल्या काही कॅप्सूल निरुपद्रवी भुकटीच्या असतात आणि कोणती कशाची हे रुग्णाला ठाऊक नसतं. ॲलर्जीचं प्रकरण वेगळं. तिच्यात कणभर शेंगदाणाही जिवावर बेतू शकतो, म्हणून ती परीक्षा घरी कधीच करायची नसते.

हा सगळा विषय वैद्यकाचा वाटतो. पण त्याच्या पोटात धर्मविचाराचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. अन्न शुद्ध की अशुद्ध, हे कशावरून ठरतं? अन्नाच्या अंगच्या गुणावरून, की खाणाऱ्यावरून?

आधी उद्दालकाने मांडलेला, अन्न आणि मनाचा भाग पाहू. १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतले ॲलर्जीतज्ज्ञ बेन फाइनगोल्ड यांनी मुलांच्या अतिचंचलपणाचा संबंध खाद्यरंगांशी आणि सॅलिसिलेटांशी जोडला. हजारो पालकांनी त्यांचा आहार अवलंबला. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत मात्र परिणाम त्यांच्या दाव्याहून बराच कमी दिसला. प्रश्न तिथे मिटला नाही. २००७ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये आला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं त्यात होती. त्यांना कधी रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय दिलं, तर कधी तसंच दिसणारं साधं पेय. कोणत्या दिवशी काय, हे मुलांना, पालकांना किंवा निरीक्षकांना माहीत नव्हतं. रंगीत पेयानंतर चंचलपणात सरासरी थोडी वाढ दिसली. काही मुलांत ती जास्त, काहींत अजिबात नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हा पुरावा मर्यादित ठरवला. तरी जुलै २०१० पासून युरोपीय संघात अभ्यासात वापरलेल्या सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्ष देण्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापणं बंधनकारक झालं. त्या सहांतले टारट्राझिन आणि सनसेट यलो भारतातही परवानगी असलेल्या रंगांत मोडतात.

परिणाम लहान आहे, पण त्यातून उठणारा नैतिक प्रश्न लहान नाही. एखाद्या मुलाच्या अस्वस्थपणात पिवळ्या सरबताचा वाटा असेल, तर त्याला हट्टी म्हणून शिक्षा करणं न्याय्य ठरतं का? सांख्य तत्त्वज्ञांना या शक्यतेचं आश्चर्य वाटलं नसतं. त्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही प्रकृतीचीच रूपं आहेत. अन्नही प्रकृतीच, तेव्हा एकाने दुसऱ्याला ढवळणं ओघाने येतं. पण सगळा दोष ताटावर टाकून मोकळं होण्याची मुभा आपली परंपरा देत नाही. तैत्तिरीय उपनिषदात भृगूला पहिलं उत्तर सापडतं ते अन्न हेच ब्रह्म. त्याचा पिता वरुण त्याला तिथे थांबू देत नाही. पुन्हा तप कर, म्हणतो. अन्नापुढे प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशा पायऱ्या आहेत. मुलाला समजून घेणाऱ्या आईबापांना ताटाकडेही पाहावं लागतं आणि ताटापलीकडेही.

आता शुद्धतेकडे वळू. बाजारात ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे समीकरण जोरात आहे आणि धार्मिक मनाला ते चटकन पटतं. सिडनीच्या आहारयादीपुढे ते टिकत नाही. १९८५ मध्ये तिथल्या ॲन स्वेन आणि सहकाऱ्यांनी ३३३ खाद्यपदार्थांतलं सॅलिसिलेट मोजून प्रसिद्ध केलं. ॲस्पिरिनच्या कुळातलं हे द्रव्य वनस्पती स्वतःच तयार करतात आणि सर्वाधिक प्रमाण मसाल्यांच्या गटात आढळलं. मध, मनुका, टोमॅटो, चहा हेही वर्ज्यांत गेले. साल काढलेला बटाटा, कोबी, भात, सोललेलं पेअर, ताजं मटण आणि पांढरी साखर मात्र चालणाऱ्यांत राहिली.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातलं सात्त्विक, राजस, तामस आहाराचं वर्गीकरण या यादीशेजारी ठेवून पाहावं. काही ठिकाणी दोन्ही जुळतात. शिळ्या अन्नाला गीता तामस म्हणते आणि साठवलेल्या मांस-मासळीत, मुरवलेल्या चीजमध्ये अमाइनं वाढतात हे रसायनशास्त्र सांगतं. पण सॅलिसिलेट न सोसणाऱ्याला देवापुढच्या पंचामृतातला मध बाधतो आणि त्याच पंचामृतातली साखर चालते. तेव्हा मध अशुद्ध झाला का? कुणीही श्रद्धावान तसं म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

आहार शुद्ध तर सत्त्व शुद्ध, हा विचारही छांदोग्यातलाच. त्यावर आचार्यांत मोठा मतभेद आहे. शंकराचार्यांनी आहाराचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेलं सर्व काही, असा लावला; राग, द्वेष आणि मोह यांनी न डागाळलेलं ग्रहण त्यांना अभिप्रेत आहे. रामानुजांच्या परंपरेने तो प्रत्यक्ष अन्नाशी जोडला आणि अन्नाचे तीन दोष सांगितले: जातीचा, म्हणजे पदार्थाच्या मूळ स्वभावाचा, आश्रयाचा, म्हणजे ते ज्याच्याकडून आलं त्याचा, आणि निमित्ताचा, म्हणजे केस-कचरा पडल्याचा.

अन्न न सोसणाऱ्या माणसाच्या अनुभवात हे दोन्ही आचार्य एकदम भेटतात. ताटातलं द्रव्य खरोखर बाधू शकतं. पण ‘हे मला बाधणार’ ही धास्तीही बाधते. ऑस्ट्रेलियातल्याच मोनॅश विद्यापीठाने २०१३ मध्ये ३७ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गव्हातलं ग्लुटेन आपल्याला सोसत नाही असं सांगणारे, पण ग्लुटेनमुळे होणारा सिलियाक आजार नसलेले हे लोक. काय खातोय हे कळू न देता दिल्यावर ग्लुटेनचा म्हणून वेगळा त्रास त्यांतल्या मोजक्यांनाच झाला. बाकीच्यांचा त्रास खोटा नव्हता, कारण मात्र त्यांनी मानलेलं नव्हतं. निरुपद्रवी भुकटीची ती कॅप्सूल म्हणूनच महत्त्वाची. कानांनी, डोळ्यांनी आत घेतलेली भीती वेगळी काढल्याशिवाय जिभेवरून गेलेल्या द्रव्याला दोषी ठरवता येत नाही.

या वादात आयुर्वेदाचे आचार्य चरक सगळ्यात उपयोगी पडतात. आपल्या संहितेतल्या विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात त्यांनी आहाराचं हित-अहित ठरवणाऱ्या आठ गोष्टी मोजल्या आहेत: पदार्थाची प्रकृती, त्यावरचा संस्कार, संयोग, मात्रा, देश, काळ, खाण्याचे नियम आणि शेवटी उपयोक्ता, म्हणजे खाणारा. सवयीने काय मानवतं, हे त्या खाणाऱ्यावर अवलंबून असतं, असंही ते सांगतात. पथ्य ही पदार्थाची पदवी नाही. पदार्थ आणि माणूस यांच्यातलं ते नातं आहे. त्यामुळे एका घरातल्या चौघांची पथ्यं चार असू शकतात आणि त्यांत कुणी वरचा, कुणी खालचा ठरत नाही.

व्रत आणि वर्जनाचा आहार यांची गल्लत होते ती इथेच. जैन परंपरेत चैत्र आणि आश्विनातल्या नवपद ओळीत नऊ दिवस आयंबिल करतात. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मसाले सोडून दिवसातून एकदाच रसहीन अन्न घ्यायचं. वरवर पाहता ताट जवळपास वर्जनाच्या आहारासारखंच दिसतं. पण रसपरित्याग हे बाह्य तपांपैकी एक तप आहे. चवीची ओढ क्षीण व्हावी हा त्याचा हेतू. त्यात त्याग हेच साध्य. वर्जनाच्या आहारात त्याग हे केवळ साधन असतं आणि पदार्थ परत आणून पाहणं हे कर्तव्य. ते टाळलं तर काहीच कळत नाही, उलट कुपोषणाची वाट मोकळी होते, विशेषतः वाढीच्या वयात. म्हणून मुलांना हा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय देऊ नये. अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये शुद्ध खाण्याच्या ध्यासाला ‘ऑर्थोरेक्सिया’ हे नाव दिलं. जेवण्याच्या आनंदाची आणि माणसांची जागा नियम घेतात, तेव्हा शुद्धीच बाधू लागते.

अवघड जागा येते ती प्रसादाची. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेता पतीला भेटायला धावते आणि नाव बुडते. ही कथा ऐकत वाढलेल्या घरात, रव्याच्या शिऱ्याला नको म्हणणारी सिलियाकग्रस्त सून किंवा नातू उद्धट ठरू शकतो. कॅथलिक पंथापुढे हाच पेच आहे. कम्युनियनची भाकरी गव्हाचीच हवी, ग्लुटेन पूर्ण काढलेली चालत नाही, असं व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पण अत्यल्प ग्लुटेनची भाकरी मान्य आहे, आणि तीही न सोसणाऱ्याला केवळ द्राक्षारस घेऊन सहभागी होता येतं. गोव्यातल्या चर्चलाही हाच नियम लागू आहे. द्रव्याचा आग्रह धरूनही माणसाला बाहेर न ठेवण्याची वाट तिथे काढली गेली.

हिंदू घरांना तर त्यासाठी कुणाच्या परवानगीचीही गरज नाही. कलावतीचा दोष अनादराचा होता. न सोसणाऱ्याचा नकार अनादर नाही. नैवेद्यात शिऱ्याशेजारी त्या माणसाला चालणारं एक फळ किंवा खडीसाखर ठेवली, तर तीही तितकाच प्रसाद होते. वेष्टनातल्या पदार्थावर गहू, दूध, शेंगदाणे, सोया यांची नोंद करणं आता कायद्याने सक्तीचं आहे. घरच्या पूजेत ते काम यजमानाने करावं: आमंत्रण देतानाच काय बाधतं ते विचारावं, शिऱ्यात काय पडलंय ते सांगावं, आणि नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नये.