पेरून निघालेला वारकरी

शंका : आम्ही परभणीकडचे कोरडवाहू शेतकरी. वडील माळकरी, दर आषाढीला पायी जातात. यंदा सोयाबीनचा विमा भरायला निघालो तर म्हणाले, "पांडुरंगावर भरवसा नाही का तुझा?" त्यांच्यापुढं बोलता आलं नाही. विमा काढणं हा अविश्वास आहे का?

समाधान : वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हळूच एक विचारा. 2023 पासून एक रुपयात पीकविमा मिळत होता, तेव्हा ही शंका त्यांना आली होती का? 2025 च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आता सोयाबीनला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत हप्ता पदरचा भरावा लागतो. नेमका आताच पांडुरंग आठवला असेल, तर ह्या शंकेत श्रद्धेपेक्षा खिशाचा भाग मोठा आहे. पण थट्टा पुरे. प्रश्न जुना आहे आणि खराही आहे.

वडील ज्या वारीला जातात तिचंच पाहू. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. शेतकरी वारकऱ्याच्या मनातली घाई तेव्हा एकच असते, पेरणी उरकली का? पाऊस लांबला तर तो घरी कुणाला तरी मागे ठेवतो, बियाणं आणून देतो, मगच पडशी उचलतो. रान मोकळं टाकून, पांडुरंग पेरील म्हणून निघालेला वारकरी माझ्या तरी पाहण्यात नाही. पुढे वाटेवरही तेच. दिंडीत भिशी भरावी लागते. सामानाचा ट्रक पहाटेच पुढच्या मुक्कामाला निघतो, तंबू उभे राहतात, पाण्याचा टँकर येतो, स्वयंपाकाची माणसं माळकऱ्यांच्या आधी पोचलेली असतात. कुठली दिंडी रथापुढे, कुठली रथामागे, हे ठरलेलं असतं. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार काठी उंचावतात, तो लाखांचा मेळा गप्प होतो, आणि काय हरवलं, काय सापडलं, ते पुकारलं जातं. दिंड्यांची ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली, अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि लवाजमा दिला. हैबतबाबांचा माउलींवर विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे? उलट, एवढी व्यवस्था लावूनही रस्त्यावरच्या गावांनी पुढे केलेला ताक-पिठलं-भाकरीचा घास वारकरी प्रसाद म्हणूनच घेतो. व्यवस्था आणि प्रसाद यांचं भांडण वारीत कधी झालेलं नाही.

गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकात भगवंतांनी भक्ताच्या योगक्षेमाचा भार आपल्यावर घेतला आहे. गंमत अशी, की हेच वचन आयुर्विमा महामंडळाने बोधवाक्य म्हणून घेतलं आणि मुंबईतल्या आपल्या मुख्य कचेरीला 'योगक्षेम' हेच नाव दिलं. ते कुणाला आगाऊपणा वाटेल. मला त्यात गैर दिसत नाही. गावागावांतल्या लोकांनी थोडं थोडं एकत्र ठेवायचं आणि ज्याच्यावर वीज पडेल त्याच्या घरी ते पोचवायचं, ही कल्पना देवाला नापसंत का असावी? पैसे वेळेवर पोचत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण ती देवाकडे करायची नाही, तहसीलला करायची.

अविश्वास कुठे सुरू होतो ते मात्र सांगतो. जे रान पेरलंच नाही त्याचा विमा काढणं, दुसऱ्याच्या किंवा गायरानाच्या गटावर अर्ज भरणं, असे प्रकार आपल्याकडे झालेले आहेत. देव मला सरळ मार्गाने पुरवणार नाही, असं ज्याने मनाशी ठरवलं तोच ह्या वाटेला जातो. तुम्ही पेरलेलं दाखवून हप्ता भरताय. बेलाशक भरा, आणि वडिलांना वारीला पाठवा.

शंका : मी नाशिकची. मिस्टरांनी कंपनीतली नोकरी सोडली, आता दिवसभर मठात सेवा. मुलीची फी थकली आहे, वाण्याची उधारी वाढली आहे. काही बोललं तर म्हणतात, "महाराज बघतील. तुकोबांनी नाही का संसार इंद्रायणीत सोडला?" मी पोळ्यांची कामं धरली तर म्हणाले, तुझी श्रद्धाच कच्ची. माझं चुकतंय का?

समाधान : नाही, ताई. तुमच्या घरात सध्या ज्याची श्रद्धा कामाला लागली आहे ते माणूस तुम्ही आहात.

तुकोबांचं नाव निघालंच आहे तर ती गोष्ट नीट सांगतो, कारण कीर्तनातसुद्धा ती अर्धीच सांगतात. तुकोबांचं घर देहूतलं महाजनाचं, सावकारी चालवणारं. लोकांकडून येणं असलेली खतं घरात होती. ती पाण्यात सोडायचं ठरलं तेव्हा धाकटे भाऊ कान्होबा यांचा वाटा आधी वेगळा काढला, तो त्यांच्या हाती दिला, आणि फक्त आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. परंपरा हे असं सांगते आणि त्यातला बारकावा महत्त्वाचा आहे. तुकोबांनी सोडलं ते आपलं येणं. कुणाचं देणं त्यांनी बुडवलं नाही. भावाच्या वाट्यावर आपली विरक्ती चालवली नाही. तुमच्या घरी काय चाललंय? वाण्याचं देणं वाढतंय, मुलीच्या वाट्याची फी थकते आहे, आणि सोडल्याचा मान मात्र मिस्टर घेताहेत. हे तुकोबांच्या उलट झालं.

दुसरं नाव तुकोबांच्या पत्नी जिजाईंचं. आमच्या कीर्तनकारांनी ह्या बाईवर फार अन्याय केला. कजाग, भांडकुदळ म्हणून तिच्यावर हशे पिकवले. नवरा डोंगरावर नामात रमलेला असताना घर तिने धरून ठेवलं, पोरांना वाढवलं, भाकरी बांधून डोंगर चढली, पायात काटा मोडला तरी गेली. तुकोबांचा योगक्षेम देवाने वाहिला असं आपण म्हणतो, ते खरंच आहे, पण वाहताना हात कुणाचे वापरले? जिजाईंचे. तिला त्यासाठी कुणी संत म्हटलं नाही.

मिस्टरांशी भांडत बसू नका. मठातल्या प्रमुखांना तुम्ही स्वतः भेटा आणि उधारीची वही पुढे ठेवा. प्रमुख खरा असेल तर तो त्यांना दुसऱ्याच दिवशी कामाला लावील. गोंदवलेकर महाराजांच्या चरित्रात दुष्काळाची गोष्ट आहे. माणसं अन्नाला मोताद झाली तेव्हा महाराजांनी त्यांना आपल्या शेतावर कामाला लावलं आणि खाऊ घातलं. नाम तर त्यांच्याइतकं कुणी सांगितलं नसेल. प्रमुखाने वही पाहून वर देणगीची पावती पुढे केली, तर मठ बदलायला सांगा. पोळ्यांचे पैसे तुमच्या नावच्या खात्यात ठेवा.

शंका : मी सरकारी नोकर आहे. कचेरीत वरकमाईचा वाटा सगळ्यांना जातो, मी घेत नाही. बढती अडली, बदली झाली. घराचं कर्ज आहे. प्रामाणिक माणसाचं देव बघतो म्हणतात. कधी?

समाधान : ह्या 'कधी'ला मी तारीख देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याच्यापासून सांभाळा.

तुमच्यासारख्या नोकरांतला एक संत आपल्याकडे प्रसिद्ध आहे, मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळात त्यांनी बादशाहीच्या कोठारातलं धान्य लोकांना वाटलं. बेदरला बोलावणं आलं, आणि विठ्ठलाने विठू महाराच्या वेषात जाऊन धान्याची रक्कम भरली. आपल्याला गोष्टीचा शेवट आवडतो. पण पंतांनी कोठार उघडलं तेव्हा त्यांना शेवट ठाऊक नव्हता. मान जाणार, हे धरूनच त्यांनी किल्ली फिरवली. विठू आलाच नसता तरी मंगळवेढ्याच्या त्या पोरांच्या पोटात धान्य गेलेलं होतं.

तेव्हा देव बदली रद्द करील ह्या आशेवर प्रामाणिक राहू नका. ती आशा फसली की माणूस कडू होतो, आणि कडवट झालेला प्रामाणिक माणूस पुढे दुप्पट घेतो, असं मी पाहिलं आहे. तुमच्या सहीमुळे ज्याला चहापाण्याचे द्यावे लागले नाहीत अशा म्हाताऱ्याचा दाखला त्याच दिवशी मिळतो. त्याच्या बाजूने पाहा. त्याने सकाळी देवाला हात जोडले होते आणि त्याचं काम झालं. त्याच्यापुरती देवाची सोय तुम्हीच होतात. तुमची सोय कोण असेल ते पुढे कळेल. तोवर कर्जाचा हप्ता झेपत नसेल तर बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. कुणी उघड पैसे मागताना दिसला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. तिथं फोन करणं हीसुद्धा सेवा आहे.

शंका : माझा तरणा मुलगा अपघातात गेला. भेटायला येणारे म्हणतात, देवाची काही योजना असेल. मला हे ऐकवत नाही. मी हरिपाठ सोडला आहे. पाप लागेल का?

समाधान : लागणार नाही, आई. आणि योजनेचं ते वाक्य कुणी पुन्हा बोललं तर माझं नाव सांगून त्यांना गप्प करा. सांत्वनाला आलेल्या माणसाला शांत बसवत नाही, म्हणून तो देवाच्या वतीने बोलायला लागतो.

आपल्या परंपरेने हे दुःख लपवलेलं नाही. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ इतका भयंकर होता, की तुकोबांच्या घरात पहिली बायको रखमा अन्नाविना गेली, मुलगाही गेला. धान्याचा व्यापार ज्या घरात, तिथं ही वेळ आली. पांडुरंगाने तेव्हा पुरवलं नाही. हे सरळ म्हणावं. तुकोबांनी देवाशी भांडण मांडलं ते आयुष्यभर, त्याला बोल लावले, त्याच्या असण्याचीही शंका घेतली, आणि ते सारं गाथेत राहिलं. कुणी गाळून टाकलं नाही. ज्या गाथेसमोर आपण हात जोडतो तिच्यातच हे भांडण आहे. तेव्हा तुमचं भांडण संप्रदायाच्या बाहेरचं नाही.

हरिपाठ राहू द्या. शेजारणीने पहिल्या दिवशी पिठलं-भात आणला असेल, तुमची चूल पेटलेली नव्हती तेव्हा. आजही कुणी विचारतं का, जेवलीस का म्हणून? विचारत असेल तर जेवा, मन नसलं तरी. आजूबाजूच्या वाचकांनाही सांगतो, दुखवटा तेरा दिवसांत संपत नाही. चौदाव्या दिवसापासून त्या घरात कुणी फिरकत नाही, आणि खरा डबा तेव्हाच लागतो.

शंका : दारात मागायला आलेल्याला आम्ही 'देव देईल' म्हणून पुढे पाठवतो. ह्यात काही गैर?

समाधान : आहे. 'देव देईल' हे माणसाने फक्त स्वतःविषयी म्हणावं. भुकेल्याला म्हटलं की ते टाळणं झालं, कारण त्याच्यासाठी देवाने दार ठोठावलं ते तुमचं. गाडगेबाबा कीर्तनात देवळातल्या देवाची भीड ठेवत नसत, नवसाच्या बोकडावर तुटून पडत, पण जिथं माणसं उपाशी तिथं अन्नछत्र आणि जिथं यात्रेकरू उघड्यावर तिथं धर्मशाळा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, सगळीकडे त्यांनी त्या उभ्या केल्या, आणि स्वतः मात्र खापर घेऊन भाकरी मागत हिंडले. मागणारा धडधाकट वाटला तर काम सांगा. पैसे द्यायचे नसतील तर खायला द्या. घरात नसेल किंवा द्यायचंच नसेल तर 'नाही' म्हणा. तेवढं खरं बोलायला काही लागत नाही.

नवसाविषयी बरीच पत्रं आली आहेत, ती पुढच्या अंकात घेतो. शंका थोडक्यात लिहा, एका पत्रात एकच.