वात्सल्य आणि विवेक

अपत्याचे रक्षण करणाऱ्या प्रत्येक जीवाला आपण वत्सल म्हणतो. परंतु जे वात्सल्य स्वभावतःच घडते, त्यास सद्गुण म्हणावे काय? कोळ्यासारख्या क्षुद्र मानलेल्या जीवाच्या आचरणावरून हा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे.

लांडगा-कोळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातींतील मादी प्रथम रेशमी तंतूंची वाटोळी बैठक विणते, तीवर अंडी घालते, वरून दुसरे आच्छादन विणून कडा सांधते आणि त्याचा गोल कोश बनविते. हा कोश शरीराच्या मागील टोकास, तंतू सोडणाऱ्या अवयवांशी जोडून ती जाईल तेथे वाहून नेते. पुढे कोशाची शिवण तीच उकलते आणि बाहेर आलेली पिले तिच्या पाठीवर चढतात. कोश हिरावू पाहणाऱ्याशी ती निकराने झुंजते.

फ्रान्समधील कीटकशास्त्रज्ञ झां-आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांनी अशा एका मादीचा कोश काढून घेऊन तिला बुचाची गोळी दिली. तिने ती निःशंकपणे स्वीकारली आणि कोशाप्रमाणेच वाहिली. परक्या मादीचा कोशही तिने आपलाच मानला.

येथे शंका अशी की, जिच्या ठायी आप-पर भाव नाही, ती समदर्शीच नव्हे काय? समाधान असे : भेद जाणून तो ओलांडणे ही समता, भेद मुळीच न कळणे हे अज्ञान. कोश टाकून देण्याचा विचारही जिला संभवत नाही, तिला तो वाहण्याचे श्रेय नाही. आणि म्हणूनच माशी मारण्याचा दोषही नाही.

मनुष्याचे तसे नाही. आपल्या घरांच्या भिंतींवर एक मोठा, चपटा कोळी पोटाखाली पांढरी चकती धरून बसलेला कधी कधी दिसतो. ती मादी असते आणि त्या चकतीत शंभराहून अधिक अंडी असू शकतात. तिला केरसुणीने चिरडणे किंवा कागदावर अलगद घेऊन बाहेर सोडणे, दोन्ही आपल्याच अधीन असते. ती झुरळे खाते म्हणून वाचवावी, असे कोणी म्हणतात. पण तो व्यवहार झाला, दया नव्हे. दया ती, जी लाभ नसताही हात आवरते.

तिने बुचाला अपत्य मानले. ते अज्ञान क्षम्य आहे. आपण जाणूनबुजून अपत्यांना केर मानून झाडून टाकतो; ते क्षम्य कसे?