चेहरा आणि शब्द : आस्ता नील्सन यांचा जीवनप्रवास

माणसाचे अंतरंग चेहऱ्यातून उमगते की शब्दांतून, या तात्त्विक प्रश्नाच्या दोन्ही बाजू डॅनिश अभिनेत्री आस्ता नील्सन (१८८१–१९७२) यांच्या आयुष्यात एकत्र आल्या. मूकपटांत एक शब्दही ऐकू न येता त्या जगाला ठाऊक झाल्या आणि पुढे त्यांनी स्वतःची कहाणी स्वतः लिहिली.

कोपनहेगनमधल्या गरीब घरात त्यांचे बालपण गेले. आई लोकांचे कपडे धुऊन घराला हातभार लावी. वडील आस्ता लहान असतानाच वारले. रंगभूमीवर त्यांना फारसा वाव मिळाला नाही. १९१० साली उर्बान गाद यांच्या ‘आफग्रुंडेन’ या चित्रपटाने मात्र त्यांचे नाव सर्वदूर नेले. यातली माग्दा ही पियानो शिकवणारी तरुणी सर्कशीतल्या कलावंताच्या मागे जाते आणि अखेर तिच्याच हातून त्याचा खून होतो. पोलीस तिला घेऊन जातात, तेव्हा ती ना आक्रोश करते, ना हातवारे. ती सुन्नपणे चालत राहते आणि प्रेक्षकाला तिची वेदना कळते. अभिनय ठसठशीत करण्याच्या त्या काळात हा संयम नवा होता.

हंगेरीचे चित्रपट-विचारवंत बेला बालाझ यांनी १९२४ साली या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. छपाईच्या शोधानंतर माणसाचे मन पुस्तकांत गेले आणि देह मुका झाला; चित्रपटाने माणूस पुन्हा डोळ्यांना दिसू लागला, असे त्यांचे प्रतिपादन होते. नील्सन यांच्या अभिनयावर त्यांनी गौरवाने लिहिले.

पण दिसणे म्हणजे कळणे नव्हे. नील्सन यांच्याच निर्मितीसंस्थेच्या ‘हॅम्लेट’मध्ये (१९२१) हा पेच स्पष्ट दिसतो. त्यात हॅम्लेट ही राजपुत्र म्हणून वाढवलेली मुलगी आहे. ती सर्वांच्या डोळ्यांसमोर वावरते, पण तिचे गुपित जिवलग मित्र होरेशिओला ती गेल्यावरच उमगते. चेहऱ्याला आणखी एक मर्यादा आहे: पाहणारा त्यात आपल्याला हवा तो अर्थ भरतो. भावना चेहऱ्यावर उमटते. ती का उमटली, माणसाने काय निवडले आणि काय नाकारले, हे सांगायला भाषा लागते.

नील्सन यांनी एकच बोलपट केला, १९३२ साली. त्या काम करत होत्या त्या जर्मनीत नाझी सत्ता आल्यावर त्याच दशकात त्या डेन्मार्कला परतल्या. त्यांचे आत्मचरित्र ‘देन तिएन्दे मूसे’, म्हणजे ‘दहावी कलादेवता’, १९४५–४६ मध्ये दोन खंडांत आले. पहिल्यात चित्रपटापर्यंतची वाटचाल आहे, दुसऱ्यात चित्रपटातली कारकीर्द. इतकी वर्षे इतरांनी जिचा अर्थ लावला, त्या स्त्रीने आपल्या आयुष्याचा अर्थ सांगण्याचा हक्क इथे स्वतःकडे घेतला.

अर्थात आत्मचरित्रही निखळ सत्य नसते. लिहिणाराही आठवणी निवडतो, मांडतो, काही झाकतो. म्हणून शब्दांना चेहऱ्याच्या वर बसवणेही तितकेच चुकीचे ठरेल. चेहरा लपवता न आलेले सांगतो, शब्द सांगावेसे वाटलेले. माणूस समजून घ्यायचा तर दोन्हींची साक्ष एकमेकींशी ताडून पाहावी लागते. १९६८ साली नील्सन यांनी स्वतःवरचा माहितीपट स्वतःच दिग्दर्शित केला आणि या दोन्ही साक्षी एकाच कृतीत आणल्या.