दिलेच समजा

नांदेडला इंग्रजी शिकविताना मी फळ्यावर एक वाक्य हमखास लिहितो : ‘थांब, आलोच!’ आणि त्याचे इंग्रजी करावयास सांगतो. लातूरकडची हुशार मुलेही येथे अडखळतात. ‘आय केम’ लिहावे, तर बोलणाऱ्याने अजून पायांत चपलाही घातलेल्या नाहीत. ‘आय ॲम कमिंग’ बरोबर खरे, पण ‘आलोच’मधला दिलासा त्यात नाही.

आपला भूतकाळ मोठा ऐसपैस आहे. ‘भूक लागली’ म्हणजे ती या घटकेला आहे. ‘मेलास आता!’ म्हणून आई ज्याला दटावते, तो चकली खात समोर धडधाकट उभा असतो. 2016 साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तेव्हाही न पडलेल्या पावसाविषयी आपण ‘पडला तर’ असेच म्हणत होतो. क्रिया केव्हा घडली यापेक्षा ती पुरी झाली की नाही, याकडे आपल्या क्रियापदाचे लक्ष अधिक. कोरियन माणूसही मुक्काम जवळ आला की ‘पोचलो’ म्हणतो, आणि दरडावताना समोरच्याला भूतकाळातच मारून टाकतो! इंग्रजी शिकताना त्यालाही आपल्यासारखेच आधी घड्याळाकडे पाहावे लागते.

मग ‘आलोच’ हे असत्य आहे काय? मला तसे वाटत नाही. ऐकणाराला सारे ठाऊक असते, आणि बोलणाऱ्याने मनाने उंबरठा ओलांडलेला असतो.

परंतु एका विद्यार्थ्याचे वडील मोंढ्यात हमाली करतात. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी थकलेली मजुरी मागितली, तेव्हा ‘दिलेच समजा’ असे उत्तर मिळाले. मुलाने वर्गात विचारले, “सर, हे पास्टमध्ये लिहू की फ्यूचरमध्ये?” वर्ग हसला, तो हसला नाही.

रूप तेच, पण व्यवहार उलटा. ‘आलोच’ म्हणणारा स्वतःचा शब्द गहाण टाकतो. ‘दिलेच समजा’ म्हणणारा पैसे न देताच पावती मागतो. समजून घेण्याचे काम त्याने हमालावर टाकलेले असते, आणि वाण्याच्या दुकानात समजलेले पैसे चालत नाहीत. यात मराठीला बोल लावण्यात अर्थ नाही. ‘अजून दिलेले नाहीत’ हेही मराठीच आहे. ते म्हणायला फक्त मालकाची जीभ वळत नाही.

मी त्या मुलाला सांगितले, “लिही : ही हॅज नॉट पेड येट.”

त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि शेजारी तारीख घातली.