लिलावात घेतलेले घर



बँकेच्या लिलावात घर घेतले, रक्कम भरली, विक्रीचा दाखला हाती आला. घर रिकामेच आहे. आता कुलूप काढून आत जायचे. अशा वेळी मनात प्रश्न येतो : दुसऱ्याच्या संकटातून आलेले घर घेणे पाप आहे काय?

आम्हाला तसे वाटत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक आधी ६० दिवसांची नोटीस देते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाचा पैसा देणे व खर्च भागून उरला, तर तो कर्जदाराचा. कमी पडला, तर उरलेले देणे त्याच्याच डोक्यावर राहते. म्हणजे आपण बोली न लावल्याने त्याचे घर वाचत नाही. रास्त बोलीने मात्र त्याचे ओझे हलके होते.

मग पाप शिरते कोठे? बोली लावणाऱ्यांनी आपसात ठरवून भाव पाडला, तर तो पैसा त्या कर्जदाराच्याच घासातून काढलेला असतो. स्वस्तात मिळाले म्हणून देवाचे आभार मानण्यापूर्वी हे तपासावे.

दुसरी परीक्षा उंबरठ्यावर असते. आत जुने फोटो, मुलांच्या वह्या, चार भांडी राहिलेली असतात. विकले गेले ते घर. या वस्तू नव्हेत. बँकेच्या अधिकाऱ्यासमक्ष पंचनामा करून त्यांची यादी करावी व मूळ मालकाला निरोप द्यावा. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात धनकोला सांगितले आहे की, तारण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेरच थांबावे. देणे खरे होते, तरी माणसाचा मान राखायचा होता. आपल्या बपेऱ्यासारख्या गावात तर जुना मालक उद्या रस्त्यात भेटणारच. त्याच्याकडे मान वर करून पाहता येईल, असाच ताबा घ्यावा.

आणखी एक गोष्ट. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व थकबाकी व खर्च भरला, तर कर्जदाराला घर सोडवता येते. ताब्याची नोटीस दारावर लागते, वर्तमानपत्रातही येते. शेजाऱ्यांना ती दिसतेच. त्या दिवसांत त्याच्या दारी जाऊन, ‘भाऊ, काय करता येईल?’ असे विचारणारा कोणी निघाला, तर कदाचित बोलीची वेळच येणार नाही. घर विकत घेण्याची ऐपत आपल्यापैकी थोड्यांचीच आहे. हे विचारण्याची सर्वांची आहे.